शालनताईंचं जलसाक्षरता प्रशिक्षण

शालनताई धडधाकट आहेत, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर एखाद्या माणसाविषयी असं काही लिहायला घेतलं की वाचणारा दुसऱ्या परिच्छेदापासून रुमाल शोधायला लागतो. त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत, दात सगळे स्वतःचे आहेत आणि आवाज असा की कुंडलच्या मळ्यात बोलल्या तर पलीकडच्या डोंगराला ऐकू जावा. तरीही हे लिहिणं गेलेल्या माणसाविषयी लिहिल्यासारखंच होणार, कारण मला आठवतात त्या शालनताई वर्षातून फक्त तीन दिवस असायच्या. मे महिन्यात, म्हसवडच्या अलीकडच्या तलावावर. उरलेले तीनशे बासष्ट दिवस त्यांच्या जागी दुसरीच बाई हजेरी लावायची.

आम्ही चौघी कुंडलच्या आसपासच्या प्राथमिक शाळांतल्या शिक्षिका. नसीम, मंदा, मी आणि शालनताई. मंदा भित्री आणि गोल, नसीम सडपातळ आणि आगाऊ, आणि मी आळशी. हे कबूल करायला आता मला लाज वाटत नाही. शालनताई आमच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या. शाळेत खेळाचा तास त्यांच्याकडं असायचा, त्यामुळं गळ्यात मंगळसूत्राबरोबर शिट्टीही असायची. बोलायच्या कमी. पदर कायम खांद्यावरून पुढं घेतलेला, पावलं मोजून टाकल्यासारखी. त्यांना पळताना कुणी पाहिलं नव्हतं, पोरांना मात्र त्या फार पळवायच्या.

त्यांचे यजमान सैन्यातून सुभेदार होऊन आलेले. गावात त्यांना नावानं कुणी ओळखत नाही, सुभेदार म्हणूनच ओळखतात. घर मळ्यात, द्राक्षबागेच्या कडेला. संध्याकाळी सातला फाटक बंद, चपला एका ओळीत, आणि पडवीत एक फळा. त्या फळ्यावर तीन रकाने आखलेले: कोण, कुठं, परत कधी. घरातलं माणूस बाहेर पडलं की त्यानं तिथं खडूनं लिहायचं. सुभेदार स्वतः डेअरीत जातानाही लिहायचे, हे खरं. पण त्यांच्या नावापुढं कधी दिल्ली असायचं, कधी पुण्याला मित्राकडं, कधी नुसतंच 'फिरायला'. शालनताईंच्या नावापुढं तोवरच्या इतक्या वर्षांत पाचच शब्द आलटून पालटून आले. शाळा, बाजार, दवाखाना, लग्न, मयत.

सुभेदार वाईट माणूस नाहीत. वाईट असते तर आमचं काम सोपं झालं असतं, चार शिव्या देऊन मोकळ्या झालो असतो. त्यांनी बायकोवर कधी आवाज चढवला नाही. सकाळचा चहा ते स्वतः करायचे, तिची स्कूटी पुसून ठेवायचे, चारचौघांत तिला 'आमच्या मॅडम' म्हणायचे. फक्त मॅडमनी कारणाशिवाय कुठं जावं, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. जिथं काम नाही तिथं माणूस कशाला जाईल, असा त्यांचा साधा प्रश्न असायचा.

एका एप्रिलमध्ये आम्ही चौघी शालनताईंच्या शाळेत वार्षिकचे पेपर तपासत बसलो होतो. नसीम म्हणाली, तिच्या भावानं, रशीदनं, तलावाच्या काठावर शेतात दोन खोल्या बांधल्यात आणि सुट्टीला या म्हणून तो मागं लागलाय. मंदा म्हणाली, "आपल्याला कोण सोडतंय?" मग ज्या त्या बाईनं आपापल्या घरची रड सांगितली. माझ्या घरी सासूबाईंची वाळवणं, मंदाकडं दिरांचं पाहुणपण. शालनताईंनी पेपरवरची मान वर न करता सांगितलं, "सहल म्हणू नगा. प्रशिक्षण म्हणा."

शिक्षकाच्या घरात राहिलेल्यांना या शब्दाची ताकद सांगायला नको. सुट्टी लागली की प्रशिक्षण येतंच. ते कुठून येतं, कशाचं असतं, हे कुणी विचारत नाही. माहेरी जायचं म्हटलं की जिच्या कपाळाला आठ्या पडतात, ती सासू प्रशिक्षण म्हटलं की स्वतः डबा भरून देते. आमच्या तिघींची घरं नुसत्या शब्दावर गप्प झाली. सुभेदार मात्र म्हणाले, "मूव्हमेंट ऑर्डर आली असंल की. बघू."

ऑर्डर मी टाइप केली. 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की' हे वाक्य माझ्या बोटांना झोपेतही येतं. शिक्का नव्हता, सही माझ्या डाव्या हाताची होती. विषय काय लिहू म्हणून मी विचारलं, तर शालनताई बराच वेळ विचार करत बसल्या. म्हणाल्या, "पाण्याचं काय तरी लिही. तेवढं तरी खरं असू दे." म्हणून मी लिहिलं, 'जलसाक्षरता प्रशिक्षण, दिवस तीन'. सुभेदारांनी ते दोनदा वाचलं. "वा! सरकारला उशिरा का हुईना, पाण्याचं सुचलं," असं म्हणून त्यांनी फळ्यावर स्वतः 'प्रशिक्षण' लिहिलं आणि पाण्याची बाटली भरून देऊन शालनताईंना विट्याच्या स्टँडवर सोडून गेले.

मे महिन्यात त्या भागात तलावाला पाणी असतं, हे आमच्याकडं सांगून पटत नाही. पण हल्ली कॅनॉलचं पाणी येतं. काठावर मेंढरांचे कळप, उघडे माळ आणि मध्ये हे एवढं निळं पाणी. काठापासून बरंच आत पाण्यात बुडालेली एक वाळकी बाभळ उभी होती, तिच्यावर पाणकावळे बसायचे. रशीदच्या बायकोनं चहा दिला. आम्ही चहा पिऊन होईतो शालनताई आतल्या खोलीतून मेंदी रंगाचा पंजाबी ड्रेस घालून बाहेर आल्या. आयुष्यात पहिल्यांदा. बाजारातून गुपचूप घेऊन शाळेच्या कपाटात ठेवला होता म्हणे. आम्ही हसलो, त्या हसल्या नाहीत. सरळ चालत पाण्यात गेल्या आणि चालणं संपलं तिथं पोहायला लागल्या.

त्यांचं माहेर कृष्णाकाठचं. म्हशींच्या शेपट्या धरून पोहायला शिकलेली पोर ती. लग्न झालं आणि पाणी सुटलं ते सुटलंच. त्या दिवशी त्या बाभळीच्याही पलीकडं गेल्या. डोकं हरभऱ्याएवढं दिसायला लागलं तशी मंदा रडायला लागली आणि रशीद टायर घेऊन धावला. अर्ध्या तासानं त्या परत आल्या. धापा टाकत वाळूत बसल्या आणि म्हणाल्या, "हाय. अजून हाय गं." काय आहे, म्हणून नसीमनं विचारलं. "पवणं," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते तलावाचं नव्हतं.

ते पहिलं वर्ष धरून अकरा वर्षं, दर मे महिन्यात, तीन दिवस. सुट्टी म्हणजे लोळणं, अशी माझी साधी समजूत. ती पहिल्याच पहाटे मोडली. साडेपाचला शिट्टी. सहाला पाण्यात. आठला न्याहारी, नऊला रशीदची होडी वल्हवायची, दहाला तलावाच्या बांधावरून टोकापर्यंत चालत जाऊन परत. दुपारी जेवणानंतर एक तास सूट, तोही शिट्टीनं सुरू आणि शिट्टीनं बंद. चारला परत पाणी. मंदाच्या पाठीला सुका भोपळा बांधलेला, कमरेला दोर आणि दोराचं टोक शालनताईंच्या हातात. मंदा दोन हात मारायची आणि मान वळवून काठ बघायची. शालनताई ओरडायच्या, "काठाकडं बघू नगं गं! काठ कुठं जात न्हाई!" मंदाला बाभळीला शिवून परत यायचं होतं. तिची भीती एवढी की अकरा वर्षांत तिला ते जमलं नाही, पण दरवर्षी दोन हात पुढं जायची.

सगळ्यात कडक नियम शिट्टीचा. पाण्यात असताना शिट्टी झाली की बाहेर. मध्ये असा, मजेत असा, एक हात उरलेला असो, पहिल्या शिट्टीला वळायचं. एकदा नसीम शिट्टी ऐकून न ऐकल्यासारखं करून पुढं गेली. बाहेर आल्यावर शालनताईंनी त्या पन्नाशीला टेकलेल्या बाईला मेंढपाळांसमोर अंगठे धरून उभं केलं, आणि तीही मुकाट्यानं राहिली. "शिट्टी ऐकू आली न्हाई आसं पाण्यात म्हणायचं नसतं," एवढंच त्या म्हणाल्या. शेवटच्या दिवशी त्या प्रत्येकीला कार्डशीटवर स्केचपेननं लिहिलेलं प्रमाणपत्र द्यायच्या. 'श्रीमती मंदा यांनी बाभळीच्या दिशेने समाधानकारक प्रगती केली आहे.' स्वतःचंही एक करायच्या, कारण घरी दाखवायला लागायचं. सुभेदारांनी ती सगळी बाहेरच्या खोलीत ओळीनं लावली होती.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी माझी जीभ घसरली. पहाटे शिट्टीनं उठून मी चिडून म्हणाले, "ताई, सुभेदारांची बायको शोभता हो! तिथनं सुटून आलात आणि इथं दुसरी छावणी टाकलीत." नसीम हसली. दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजलीच नाही. आम्ही आठपर्यंत झोपलो आणि बाहेर येऊन पाहतो तर त्या काठावर एकट्या बसलेल्या, ड्रेस घातलेला, पण कोरडा. मी जवळ जाऊन बसले. माझं चुकलं, असं म्हणाले.

"तुला घरीबी झोपता येतं की," त्या म्हणाल्या. "मला घरी पवता येत न्हाई. तीन दिस हायत माझं. त्यातलं दोन तास बी झोपंत घालवायला मला परवडत न्हाई. ही शिट्टी त्यांची न्हवं, माझी हाय."

मी त्यांच्या गळ्यातली शिट्टी ओढून स्वतःच वाजवली. त्यानंतर पुन्हा कधी पहाटे कुरकुर केली नाही. मनातल्या मनात केली, पण ती वेगळी गोष्ट.

पुढं मोबाइलवर एकमेकांची तोंडं दिसायला लागली आणि आमची पंचाईत झाली. सुभेदार बरोबर एक वाजता व्हिडिओ कॉल करायचे. त्यांना संशय नव्हता, उलट कौतुक होतं. प्रशिक्षण बघायचं होतं त्यांना. मग पावणेएकला शिट्टी. आम्ही चौघी ओल्या कपड्यांवर साड्या गुंडाळून खोलीत सतरंजीवर वह्या घेऊन बसायचो. एकदा त्यांनी विचारलं, "मॅडम, केस ओलं कशानं?" शालनताई म्हणाल्या, "आवं, ऊन लय हाय, डोक्यावर पाणी घेतलं." पलीकडून विचारणा झाली, "साहेब कुटं हायत?" आता साहेब कुठून आणायचा? नसीमनं दारातनं रशीदला खेचलं. तो कोंबड्यांना दाणे टाकून आलेला, बनियनवर. माझी ओढणी त्याच्या खांद्यावर टाकून त्याला मोबाइलसमोर उभं केलं. सुभेदार म्हणाले, "जय हिंद साहेब!" रशीद ताठ झाला. "जय हिंद! पाणी वाचवा!" म्हणाला आणि पळाला.

फोन बंद झाल्यावर आम्ही लोळून लोळून हसलो. नसीमला उचकी लागली. थोड्या वेळानं बघितलं तर शालनताई भिंतीकडं तोंड करून बसलेल्या. "चोरी केल्यागत वाटतंय गं," त्या म्हणाल्या. "पोरासोरांची आजी झाले मी. चोरून पवायला लागतंय. आनि त्यो माणूस बिचारा सॅल्यूट करतोय." त्या दिवशी चार वाजता त्या पाण्यात उतरल्या त्या बाभळीच्या कितीतरी पलीकडं गेल्या. शिट्टी माझ्या हातात होती. मी वाजवली नाही.

दोन वर्षांपूर्वी, जानेवारीत, त्या निवृत्त झाल्या. शाळेच्या मैदानावर मांडव, हारतुरे, गावजेवण. सुभेदार बोलायला उभे राहिले ते हातात फाइल घेऊन. फाइलीचा रंग मला माहीत होता. त्यांनी एकेक ऑर्डर काढून वाचायला सुरुवात केली. "पैलं प्रशिक्षण, जलसाक्षरता, तीन दिवस. दुसरं प्रशिक्षण, जलसाक्षरता, तीन दिवस." अशी अकराच्या अकरा. आमचे केंद्रप्रमुख, म्हणजे आमच्या सगळ्या शाळांचे वरचे साहेब, माझ्या शेजारीच बसले होते. ते कानाशी वाकून म्हणाले, "बाई, हे कुठलं प्रशिक्षण हो? मला कसं माहीत नाही?"

मी म्हणाले, "सर, ते महिलांसाठी होतं."

"असं होय," म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढं काही विचारलं नाही.

शालनताई खुर्चीत मांडीवर शाल-श्रीफळ घेऊन खाली मान घालून बसल्या होत्या. बघणाऱ्यांना वाटलं, विनय आहे. भाषणाच्या शेवटी सुभेदार गहिवरले. म्हणाले, "आमच्या मॅडमनी लय धावपळ केली. उनातानात प्रशिक्षणं केली. आता बास. आता त्यांना कुटं जायची गरज न्हाई. आता फुल आराम." मांडवात कडकडून टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. वाजवता वाजवता मला कळलं की आपण कशाला टाळ्या वाजवतोय, आणि माझे हात तिथंच थांबले. निवृत्त बाईला कसलं आलंय प्रशिक्षण? ज्या एका शब्दानं त्यांना फाटकाबाहेर काढलं होतं, तो त्या दिवशी शालीबरोबर घडी घालून ठेवला गेला.

पण आम्हीही काही कच्च्या नव्हतो. त्या साली एप्रिलमध्ये मी नवी ऑर्डर टाइप केली. 'आपला प्रदीर्घ अनुभव विचारात घेता आपणांस तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून निमंत्रित करण्यात येत आहे.' ती घेऊन आम्ही तिघी मळ्यात गेलो. सुभेदारांनी वाचली आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मला माझाच राग आला. "बघा! रिटायर झाल्यावरबी बोलावणं!" म्हणत ते पडवीत गेले, खडू घेतला आणि फळ्यावर 'मॅडम' असं लिहिलं.

शालनताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "थांबा. प्रशिक्षण लिहू नगा."

"मग काय लिहू?"

"पवायला, लिहा. मैत्रिणींसंगं पवायला."

सुभेदारांना वाटलं, थट्टा आहे. मग शालनताईंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ऑर्डर कोण टाइप करतं, साहेब कोण होता, प्रमाणपत्रं कुणी लिहिली. आवाज न चढवता, वर्गात धडा सांगावा तसं. आम्ही तिघी फरशीकडं बघत होतो. मला त्या क्षणी जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. सुभेदार हातात खडू तसाच धरून ऐकत राहिले.

"त्यो साहेब नसीमबाईंचा भाऊ व्हता?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"त्याला मी जय हिंद केला."

मग ते म्हणाले, "मला सांगायचं न्हाई व्हय मॅडम? अकरा वर्षं?"

"आज सांगितलं की," शालनताई म्हणाल्या. "आता लिहा."

सुभेदारांनी लिहिलं नाही. खडू डबीत ठेवला, मोरीवर जाऊन हात धुतले, तोंड धुतलं, टॉवेलनं सावकाश पुसलं. मला वाटलं, आता हा माणूस भिंतीवरची प्रमाणपत्रं फाडणार. पण ते परत आले ते चेहरा उजळूनच. त्यांना उपाय सापडला होता.

"पवायचंच हाय न्हवं?" ते म्हणाले. "मग एवढ्या लांब कशाला? आपलं शेततळं हाय की! बागंसाठी भरल्यालंच असतंय. रोज पवा. तीनच दिस कशाला? आनि तुमी तिघीबी येत जावा, मी मटणाचा बेत करतो." त्यांनी आमच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की आम्ही खूश व्हावं. खरंच त्यांना तसं वाटत होतं. बायकोनं अकरा वर्षं फसवलं, तरी त्यांनी तिला हवं ते दिलं होतं. दुसऱ्या कुणी नवऱ्यानं काय केलं असतं?

शालनताईंनी स्वयंपाकघराच्या चौकटीला हात टेकला आणि 'चहा ठेवते' म्हणून आत गेल्या.

निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. मी चिडून म्हणाले, "तुम्ही या की तशाच! कोण हात धरतंय तुमचा?"

"कुणी धरत न्हाई, त्येच तर हाय," त्या म्हणाल्या. "हात धरला असता तर झटकून आले असते. आनि ती ऑर्डर देऊ नगं परत. खोटं लिहून जायाचा वीट आलाय. एकदा खरं लिहून जायचं व्हतं मला." फाटकाची कडी त्यांनी आतून स्वतःच लावली.

त्या मे महिन्यात आम्ही तिघीच तलावावर गेलो. शिट्टी नव्हती. आठला उठलो, लोळलो, अंथरुणात चहा प्यायलो. मला अकरा वर्षं जशी सुट्टी हवी होती अगदी तशी ती होती, आणि मला एक घास गोड लागला नाही. आतल्या खोलीत खुंटीला मेंदी रंगाचा ड्रेस होता. तो कधी कुंडलला जायचाच नाही. रशीदची बायको दर मे महिन्याआधी तो धुऊन तिथं अडकवून ठेवायची, त्याही वर्षी तिनं ठेवला होता. तिसऱ्या दिवशी मंदा कुणाला न सांगता पाण्यात उतरली. भोपळा नाही, दोर नाही. आम्ही ओरडत राहिलो, तिनं मागं वळून पाहिलं नाही. बाभळीला हात लावला, पाणकावळे उडाले, आणि ती परत आली. वाळूत बसून हुंदके देत म्हणाली, "आता मला सर्टिफिकेट कोण देणार?"

परतीच्या वाटेवर आम्ही विट्याहून सरळ मळ्यातच गेलो, पिशवीत तो ड्रेस घेऊन. घरात कुणी नव्हतं. पडवीतल्या फळ्यावर सुभेदारांच्या ठळक अक्षरात लिहिलेलं होतं: मॅडम, पवायला, ४ ते ४.४५. 'पवायला' हा शब्द त्यांनी लिहिला होता.

शेततळं बागेच्या वरच्या अंगाला. चारी बाजूंनी तारेची जाळी, एक छोटं फाटक, त्याचं कुलूप किल्लीसकट लोंबत होतं. आत काळ्या प्लॅस्टिकचा उतार आणि त्यात चौकोनी हिरवट पाणी. काठावर छत्रीखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत सुभेदार बसले होते. हातात घड्याळ, गळ्यात शिट्टी. शालनताईंचीच शिट्टी. मनगटाला दोराचे दोन वेढे आणि दोराचं दुसरं टोक पाण्यात, शालनताईंच्या कमरेला. त्या नेसत्या साडीचा काचा मारून पोहत होत्या. पाच-सहा हात, की प्लॅस्टिक. वळायचं. पुन्हा पाच-सहा हात, की प्लॅस्टिक.

"या, या!" सुभेदार उठले. "रोज पाऊण तास. तब्येत बघा कशी झालीय. प्लॅस्टिक निसरडं असतंय, म्हणून दोर. रिस्क नगं." त्यांनी आमच्यासाठी मोटारीच्या खोलीतून बाज आणली. शालनताईंनी ड्रेस घेतला, दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि खोलीत जाऊन बदलून आल्या. दोर पुन्हा बांधला गेला. त्या पुन्हा पाण्यात उतरल्या.

मंदाला धीर निघेना. ती काठावर उकिडवी बसून ओरडली, "ताई! बाभळीपत्तूर गेले मी!"

शालनताई पाण्यात जागच्या जागी थांबल्या. "शिवलीस?"

"शिवले. परतबी आले."

"काठाकडं बघितलंस?"

"एकदाबी न्हाई."

त्या हसल्या. अकरा वर्षांत पाण्यात हसायच्या तशाच. मग वळून चार हात मारले, पलीकडच्या प्लॅस्टिकला हात लागला, परत आमच्याकडं आल्या. माझ्याजवळ आल्यावर हळूच, सुभेदारांना ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाल्या, "हितं काठ लय लवकर येतोय गं."

त्या पुन्हा वळल्या. तळ्याच्या बरोबर मध्यावर असताना शिट्टी वाजली.

हात उचललेला होता तो त्यांनी तसाच खाली घेतला आणि वळल्या. सुभेदारांनी कौतुकानं आमच्याकडं पाहिलं.

"बघा," ते म्हणाले, "एका शिट्टीत." आणि दोर गुंडाळायला लागले.